मान्यवरांना नमस्कार करून पुढे जा

अन्याय झाला तो वंदना भोयर यांच्यावर. गेल्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी दीड वाजता, ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत. अन्याय केला आपल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटनं. वधू-वर परिचय मेळाव्याची नोंदणी त्याच संध्याकाळी सहाला बंद होणार होती. वंदनाताई एका हातात पोळीभाजीचा घास आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन फॉर्म भरायला बसल्या, आणि फोन त्यांना म्हणाला: "बटन. बटन. इमेज. एडिट बॉक्स. एडिट बॉक्स. बटन." कोणत्या बॉक्सात नाव, कोणत्यात जन्मतारीख, हे फोन सांगेना, कारण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ताईंनी अंदाजानं एका बॉक्सात नाव लिहिलं. वेबसाइट म्हणाली, उंची चुकीची आहे.

सुरुवात अशी अंगावर आल्याबद्दल मी माफी मागणार नाही. मी लिहायला शिकले ती पत्रकांवर. कॉलेजात असताना अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची पत्रकं लिहायचे आणि गोल बाजारात वाटायचे. तिथे हातात दिलेल्या पत्रकात पुढच्या वळणावर भजी बांधलेली दिसतात. म्हणून पहिल्या ओळीत कोणावर अन्याय आणि कधी, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं, आणि मधल्या जागेत राग. मंडळाच्या या दिवाळी अंकासाठी लेख मागताना आपले अध्यक्ष पांढरीपांडे काका म्हणाले होते, "पोट्टी, कामाचा अनुभव लिहिजो. भांडू नको." मी म्हटलं, "काका, माझं कामच भांडायचं आहे."

काम काय, ते सांगते, कारण माझ्या आईलाही ते अजून नीट सांगता येत नाही. ती शेजारी सांगते, "कॉम्प्युटरमधे चुका काढते." बरोबरच आहे. मी लोकांच्या वेबसाइट तपासते आणि कोण कोण दाराबाहेर राहिलं ते सांगते. ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याचा हात थरथरतो म्हणून माउस धरता येत नाही, तो.

वंदनाताईंना जन्मापासून दिसत नाही. त्या फोन ऐकतात. पडद्यावर लिहिलेलं फोन मोठ्यानं वाचतो. बोट सरकवलं की पुढचं वाचतो, दोनदा टेकवलं की उघडतो. याला स्क्रीन रीडर म्हणतात आणि तो तुमच्याही फोनात आहे, फुकट, सेटिंगमध्ये झोपलेला. पण तो लिहिलेलं वाचतो. फोटो असेल तर त्यात काय आहे ते बनवणाऱ्यानं चार शब्दांत मागे लिहून ठेवायचं असतं. बघणाऱ्याला ते दिसत नाही, ऐकणाऱ्याला ऐकू येतं. नवे फोन फोटोतली छापील अक्षरं थोडीफार ओळखतात म्हणे. पण आपल्या पोस्टरवर महिरप, समई, शुभेच्छुकांचे चेहरे आणि त्यातून वाट काढत गेलेली सोनेरी वळणदार अक्षरं असतात. तिथे चांगला महागडा फोनही हात टेकतो.

आणि हे सगळं "बिचाऱ्या" लोकांसाठी आहे असा ज्यांचा समज आहे, त्यांच्यासाठी सदर बाजारातले एक सराफ शेठ. त्यांच्या वेबसाइटवर पांढऱ्यावर सोनेरी अक्षरं. मी म्हटलं, कमी दिसणाऱ्याला हे वाचता येणार नाही. शेठ म्हणाले, "दीदी, जिसको दिखता नहीं वो मेरे यहाँ क्या देखने आएगा?" मी त्यांना दुकानाच्या पायरीवर घेऊन गेले, दुपारच्या उन्हात, आणि म्हटलं, तुमच्याच दुकानाचा फोन नंबर तुमच्याच वेबसाइटवरून वाचून दाखवा. शेठनी फोन नाकाला लावला, लांब धरला, तिरपा केला, फुंकर मारून पुसला. शेवटी आत जाऊन व्हिजिटिंग कार्ड घेऊन आले आणि त्यावरून नंबर वाचला. आता ती अक्षरं गडद चॉकलेटी आहेत. ही कल्पना आपली होती असं शेठ सगळ्यांना सांगतात. सांगू देत, मला चालतं.

तर वंदनाताई. त्यांचा फॉर्म शेवटी त्यांच्या मोठ्या भावानं, सुधीरदादानं भरला. दादा भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. सहाला काही मिनिटं असताना, दोन ट्रकांचा माल उतरत असताना, त्यानं बहिणीचा फॉर्म भरला. दादा वाईट माणूस नाही, हे वाक्य ठळक अक्षरांत छापलं आहे असं समजा. त्यानं 'स्वभाव' या रकान्यात लिहिलं, शांत. 'अपेक्षा' या रकान्यात लिहिलं, काहीही चालेल.

आपल्या मेळाव्याची पद्धत तुम्हाला माहीत आहे. बाहेरच्यांसाठी सांगते. उमेदवारानं मंचावर हात जोडून उभं राहायचं आणि निवेदकानं त्याची माहिती मोठ्या पडद्यावरून वाचायची. उमेदवाराला माइक नाही, कारण कधी काळी एका नवरदेवानं माइक धरून आपल्या बढतीची सगळी कहाणी सांगितली होती आणि पंगतीतली वांग्याची भाजी थंड झाली होती. तेव्हापासून हा नियम. त्यामुळे निवेदक "स्वभाव शांत" म्हणाले तेव्हा ताई हात जोडून उभ्याच राहिल्या. ताईंना भाजीवाल्याशी बोलताना ज्यांनी ऐकलं आहे, ते सगळे मान खाली घालून हसले. "अपेक्षा, काहीही चालेल" याला मात्र कोणी हसलं नाही. उलट एक स्थळ आलं. भिलाईचे एक गृहस्थ, सून शोधायच्या वयाचे. ताईंनी फोनवर नाही म्हटलं तर ते दुखावून म्हणाले, "पण मॅडम, काहीही चालेल असं तुम्हीच तर लिहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी ताई माझ्याकडे आल्या. काठी दाराशी टेकवली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे पाय प्राची, मले नवरा शोधून द्यायचा नाही. तो माझा मी पाहीन. मले फक्त तो फॉर्म माझ्या हातानं भरता आला पाहिजे. पुढच्या मेळाव्याच्या आत."

मी पिशवीत कायद्याची कलमं भरली आणि ताईंसोबत मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीला गेले. तर्रीपोहे होते. पांढरीपांडे काका, रेल्वेतून निवृत्त, मधल्या खुर्चीवर. त्यांच्या उजवीकडे कोषाध्यक्ष बोकडे काका. कोपऱ्यात बोकडे काकांचा भाचा सोनू भैया, ज्यानं वेबसाइट बनवली. सोनू भैयाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, दोन मुलांचा बाप आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देतो.

पांढरीपांडे काका प्रेमानं म्हणाले, "वंदना, दिसत नाही तं वेबसाइट पाहतेस कशी बेटा?"

"ऐकते, काका. तुम्हीही ऐका." ताईंनी फोनचा आवाज पूर्ण वाढवला, फोन पोह्यांच्या भांड्याशेजारी ठेवला आणि मंडळाचं पहिलं पान उघडलं. त्यावर पदाधिकाऱ्यांचे फोटो ओळीनं आहेत. दाबलं की ज्याचं त्याचं मनोगत उघडतं. अध्यक्षांच्या फोटोवर ताईंचं बोट आलं आणि फोन स्वच्छ आवाजात म्हणाला:

"लिंक. टकलू अंकल फायनल टू."

पोहे खाणारे हात थांबले. ताईंनी बोट सरकवलं.

"लिंक. मामाजी डाय के बाद."

हे कोषाध्यक्ष. मग मला समजावून सांगावं लागलं की फोटोला वर्णन लिहिलेलं नसलं, की बिचारा फोन त्या फाइलचं नाव वाचतो. आणि फाइलला नाव देतो तो वेबसाइट बनवणारा.

सोनू भैया उठून उभा राहिला. "दीदी, वो तो सिर्फ मेरे समझने के लिए था."

"बस खाली," बोकडे काका म्हणाले. "डाय के बाद म्हणजे? डायच्या आधीचाही आहे काय तुझ्याजवळ?"

पांढरीपांडे काकांचा प्रश्न वेगळा होता. "म्हणजे वर्षभरापासून हे असंच बाहेर ऐकू येऊन राहिलं?"

"हव, काका," ताई म्हणाल्या. "मले वाटलं तुमचं घरचं नाव असंन."

वेबसाइट सगळ्यांना वापरता येईल अशी दुरुस्त करावी, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. माझी कलमं पिशवीतच राहिली. आजवर मी इतकी निवेदनं दिली, पण न्यायाची इतकी तातडी मी कोणत्याच कार्यालयात पाहिली नव्हती.

पण आपल्या लोकांना काम सोपं राहू देणं जमत नाही. फोटोला वर्णन लिहायचं असतं एवढं कळल्यावर पदाधिकाऱ्यांनी आपापलं वर्णन आपणच लिहून सोनू भैयाला पाठवलं. पांढरीपांडे काकांनी लिहिलं, "भव्य कपाळ, करारी नजर, मंडळाची धुरा समर्थपणे वाहणारे आदरणीय अध्यक्ष." ते बोकडे काकांना कळलं. त्यांनी आपलं वर्णन त्याहून लांब केलं आणि त्यात "घनदाट काळेभोर केस" घातले. मग अध्यक्षांनी सुधारणा पाठवली, "तरुणपणी नावाजलेले कबड्डीपटू."

मी फोन केला. "काका, फोटोत कबड्डी कुठे दिसते?"

"बांध्यावरून समजते ना."

"आणि बोकडे काकांचे केस..."

"ते काहून ठेवले मग? ते तरी कुठे आहेत?"

आठवडाभर सोनू भैया दोघांची वर्णनं आलटूनपालटून वाढवत होता. मला म्हणाला, "दीदी, मैं तो कहता हूँ टकलू अंकल ही ठीक था. छोटा था." शेवटी ताईंनी ऑफिसला जाताना बसमध्ये वेबसाइट ऐकून पाहिली आणि थेट अध्यक्षांना फोन लावला. "काका, तुमचं कपाळ पार करता करता माझा स्टॉप मागे गेला. मी आता उलटी चालत येऊन राहिली."

काकांना वाईट वाटलं. तसे ते मनानं चांगले. वर्णनं कापून नाव आणि पद एवढीच ठेवायला सगळे कबूल झाले. तरी फॉर्म अजून लांब होता. सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं, सल्लागार, आश्रयदाते, दिवंगत आश्रयदाते, आणि मग नोंदणी. यावर आमच्या धंद्यात एक साधा उपाय आहे. पानाच्या अगदी सुरुवातीला एक लिंक ठेवायची, 'थेट मजकुराकडे जा'. दाबली की मधलं सगळं ओलांडून माणूस कामाच्या जागी पोचतो.

हे मी पुढच्या बैठकीत सांगितलं, आणि अध्यक्षांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या पानातली जिलेबी उचलली.

"ओलांडून म्हणजे? आमच्यावरून?"

"हो काका."

"अध्यक्षाले ओलांडून?"

तुम्ही हसाल, पण मला त्यांचं म्हणणं कळत होतं. आपल्या मंडळात मान्यवरांचं स्वागत झाल्याशिवाय पान हलत नाही. नाटक असो, हळदीकुंकू असो, रक्तदान असो. रक्त द्यायला आडवा झालेला माणूससुद्धा आधी शाल-श्रीफळ संपायची वाट पाहतो. आणि इथे एक पोट्टी येऊन सांगते की एक बटन दाबा आणि अख्खी कार्यकारिणी मागे टाका. बोकडे काका म्हणाले, ही घटनाबदलाची बाब आहे, सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. सर्वसाधारण सभा मेळाव्यानंतर होती.

मी तापले. पत्रकाच्या भाषेत बोलायला लागले, धिक्कार वगैरे शब्द तोंडाशी आले होते. ताईंनी माझा हात दाबला.

"काका," त्या म्हणाल्या, "ज्यांना दिसते ते तं अंगठ्यानं सर्रकन तुम्हाले वर ढकलून खाली जातातच. तेही तुमचा फोटो पाहून. मी तं विचारून जाऊन राहिली."

मग बोकडे काका, ज्यांच्याकडून मला काडीची अपेक्षा नव्हती, पेल्यातला चहा संपवून म्हणाले, "जाऊ द्या ना मग. नमस्कार करून जाऊ द्या."

ठराव एकमतानं मंजूर. आज आपल्या मंडळाची वेबसाइट स्क्रीन रीडरनं उघडली की पहिलं वाक्य ऐकू येतं: "लिंक. मान्यवरांना नमस्कार करून थेट मजकुराकडे जा." मी कामानिमित्त शेकडो वेबसाइट ऐकते. अशी लिंक पृथ्वीवर दुसरी नसेल. मला तिचा अभिमान आहे, हे मी सभेत कबूल करणार नाही.

मग सोनू भैया आणि मी फॉर्मच्या प्रत्येक बॉक्साला त्याचं नाव जोडलं. 'चित्रातली वाकडी अक्षरं ओळखून लिहा' ही शेवटची पायरी काढली. ती मला स्वतःलाही कधी जमली नव्हती. या वर्षी नोंदणी सुरू झाली त्या दिवशी ताईंच्या घरी मी होते, फॉर्म अडला तर लगेच दुरुस्त करायला. सुधीरदादाही होता. ताई फोन कानाशी धरून भरत होत्या आणि दादा सारखा उठून पाणी पीत होता.

शेवटी म्हणाला, "मी काय वाईट लिहिलं होतं वं?"

"वाईट नाही. दुसऱ्याच पोरीचं लिहिलं होतं," ताई बोट न थांबवता म्हणाल्या. "मले शांत काहून लिहिलं तू?"

"लोक शांत पोरगी पाहतात."

"मग लोकांना घरी आणून काय करशील? पहिल्याच दिवशी समजते ना त्यांना."

"आणि अपेक्षा..." दादा अडखळला. "मले वाटलं, जास्त मागितलं तं कोणी येणारच नाही."

ताईंचं बोट थांबलं. "हे तू मले कधी विचारलं नाही, दादा."

"नाही विचारलं," दादा म्हणाला, आणि तिच्यासाठीही पाणी घेऊन आला.

ताईंनी जे लिहिलं ते मेळाव्यात निवेदकांनी मोठ्यानं वाचलं, म्हणून इथे सांगायला हरकत नाही. "स्वभाव: बोलकी. राग लवकर येतो, लवकर जातो. अपेक्षा: जेवल्यावर आपलं ताट आपण उचलणारा हवा. रस्ता ओलांडताना माझा दंड धरून ओढणारा नको. कोणी मला प्रश्न विचारला तर माझ्याऐवजी उत्तर देणारा तर अजिबात नको." निवेदक शेवटच्या वाक्यावर थबकले, कारण ते नेमकं तेच करत होते. मग त्यांनी नियम मोडून माइक ताईंच्या हातात दिला. ताई म्हणाल्या, "बस, एवढंच. भाजी थंड होईन." आणि माइक परत केला.

दोन बायका माझ्या मागच्या रांगेत म्हणाल्या की तोंड फार आहे. दुर्गचे मिलिंद नावाचे एक जण, पंपांचं दुकान आहे, त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. मग दर रविवारी. काय बोलतात मला माहीत नाही. ताई हसतात एवढं शेजारून ऐकू येतं.

इथे लेख संपला असता तर मी पत्रक लिहायचं सोडून पेढे वाटले असते. पण वेबसाइट दुरुस्त झाली म्हणजे माणसं दुरुस्त झाली असं नाही. मिलिंदच्या आईनं दिवाळीच्या आधी ताईंना आणि घरच्यांना पोह्याला बोलावलं. काकूंनी त्यासाठी फोनवर एक कार्ड बनवलं. गणपती, झेंडूची तोरणं, मधोमध "रविवारी सकाळी दहाला सहकुटुंब यावे". मनापासून, दुपारभर खपून. आणि तो फोटो ताईंना पाठवला. खाली एक अक्षर नाही. ताईंच्या फोनवर रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांचे ढीग येतात. फोन म्हणाला, "फोटो." ताईंनी तो बाकीच्या फुलांसोबत काढून टाकला.

रविवारी दुर्गला पोहे झाले, निवले, पुन्हा गरम झाले. काकू म्हणाल्या, "तोंडाळ आहे हे तं ऐकलं होतं. मगरूर आहे हे माहीत नव्हतं." दुपारी मिलिंदचा फोन आला. "तुम्ही आल्या नाहीत."

"कुठे?" ताईंनी विचारलं.

त्यानं ते कार्ड त्यांना फोनवर वाचून दाखवलं. तोरणांसकट. ताई म्हणाल्या, "माझा फोन मले फक्त 'फोटो' म्हणाला होता."

दोन दिवस दुर्गहून काहीच आलं नाही. मग काकूंचा मेसेज आला, टाईप केलेला, बहुतेक त्यांच्या जन्मातला पहिला: "येत्या रविवारी ये. पोहे परत करते. कार्ड पण पाठवते छान झालं होतं." हा लेख मी अंकाकडे देते आहे तेव्हा तो रविवार यायचा आहे. त्यापुढचं तुम्हाला कळलं तर ताईंकडून कळेल. त्यांच्याऐवजी उत्तर देणाऱ्यांत मी नाही.

आणि त्याच आठवड्यात आपल्या मंडळाच्या ग्रुपात दिवाळी फराळाच्या कार्यक्रमाची सूचना पडली. फोटो. टाकणारे, अध्यक्ष पांढरीपांडे काका. मी फोन केला तर म्हणाले, "अवं, वेबसाइटवर तं केलं ना सगळं."

म्हणून आता तुमचं काम. अंक मांडीवर उघडाच राहू द्या आणि फोन हातात घ्या. दिवाळीच्या शुभेच्छांचा एक फोटो तुम्ही ग्रुपात टाकला आहे. मला माहीत आहे, मी त्याच ग्रुपात आहे. पणत्या आहेत, रांगोळी आहे, कोपऱ्यात तुम्ही सहकुटुंब आहात. राहू द्या, छान आहे. त्याच्याखाली टाईप करा, कोणी पाठवलं, काय म्हणायचं आहे, आणि बोलावलं असेल तर कुठे आणि किती वाजता. वंदनाताईही त्याच ग्रुपात आहेत. आधी लिहा, मग पान उलटा.